तेवीसचं अ‍ॅव्हरेज

भगवान घरतच्या दारात मोठी गाडी आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या भावकीला झाला. कारण भगवानला नकार देता येत नाही, हे उलव्यापासून पनवेलच्या एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी त्याच्या मुलाने, निकेशने घेतली होती. विमानतळात भातशेती गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, आणि एके दिवशी निकेशने ही लांबलचक पांढरी हायब्रिड गाडी आणून उभी केली. थोडी बॅटरीवर चालायची, थोडी पेट्रोलवर. आतल्या चामड्याच्या सीटांचं भगवानला फारसं कौतुक नव्हतं. त्याला वेड लागलं ते अ‍ॅव्हरेजचं. टाकी काठोकाठ भरायची, मीटर शून्यावर आणायचं, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. तेवीस! एवढ्या मोठ्या धुडाला लिटरमागे तेवीस किलोमीटर! शेत गेल्यापासून आपल्या हातून काही पिकतंय असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

माणसाने आनंद गप्प बसून भोगावा. भगवानने तो चहाच्या टपरीवर जाऊन सांगितला.

झालं! चुलतभाऊ दादू दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "जीवनचा लगीन हाय. नवरदेवाला तुजी गाडी पायजे. पेट्रोल खातच नाय म्हंतोस, मग तुजा काय जातंय?"

भगवानच्या मुलीचं, मनिषाचं लग्न वैशाखात ठरलेलं. आज गाडी नाकारली, तर उद्या तिच्या हळदीला भावकी फिरकायची नाही, आणि रिकाम्या मांडवात हळद लावायची म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. तो हो म्हणाला. वर दुसऱ्या कुणाच्या हातात स्टिअरिंग दिलं तर अ‍ॅव्हरेज पार झोपेल, म्हणून स्वतःच ड्रायव्हर होऊन गेला. जीवननंतर आणखी दोन नवरदेव झाले, एक बारसं झालं, एका बिल्डरच्या ऑफिसची सत्यनारायणाची पूजा झाली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

हे सगळे मुहूर्त नेमके रविवारी यायचे, आणि रविवार करंजा बंदरातल्या म्हातारीला कबूल केलेला होता.

म्हातारी म्हणजे त्याची सासू, बायको चंद्रावतीची आई. जन्मभर मिठागरात राबलेली. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून ट्रक भरून दिले, पण कुणी कधी तिला त्यात बसवलं नाही. दिवाळीत जावयाच्या गाडीची बातमी तिच्या कानावर गेली, तेव्हा तिने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "जावई, म्होरं बसून एकदा बंदरावरशी फिरवा मला. डोळे हायत तवर."

डोळे फार दिवस राहणार नव्हते. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

चंद्रावती दर शनिवारी आईसाठी तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ बांधून ठेवायची आणि दर सोमवारी ते घरातच वापरायची. चार महिने ती गप्प बसली. शेवटी एकदा दादू गाडीला फुलं लावत असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माजी आय तुमच्या भावकीत येत नाय का ओ?"

भगवानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही त्या दिवशी त्याने नवरदेव पोहोचवलाच.

फाल्गुनात एका रविवारी त्याने फोन बंद करून खणात टाकला आणि दोघं करंज्याला गेली. सुनेचा हात धरून म्हातारी अंगणात आली. गाडीच्या दारावरून तिने तळहात फिरवला, खिडकी चाचपली. तेव्हा कुठे भगवानला कळलं. तिला माघातच दिसायचं बंद झालं होतं. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून म्हातारीने कुणाला कळवू दिलं नव्हतं.

तिला पुढे बसवलं. चंद्रावती मागे बसली. भगवानने बटण दाबलं आणि गाडी निघाली. बंदराचा रस्ता नवा, काँक्रीटचा. माणसांची गर्दी, कडेला सुकत घातलेले बोंबील. एवढ्या हळू चालीत गाडी बॅटरीवरच चालते. ना आवाज, ना हादरा. भगवानचं तेवीस निघायचं ते यामुळेच.

"जावई, कवा निघायचा?" म्हातारीने विचारलं.

"निघालो, आय. चाललोय आपन."

म्हातारी हसली. "आंधळीची मस्करी करताव?"

चंद्रावतीने आईकडची काच खाली करायला लावली. "वारा सुटला गो," म्हातारी म्हणाली, आणि पदर सावरून पुन्हा वाट बघत बसली.

अ‍ॅव्हरेज गेलं खड्ड्यात म्हणत भगवानने जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन एकदा गुरगुरलं. तेवढ्यात समोर मासळीच्या टोपल्या आडव्या आल्या आणि त्याला ब्रेक मारावा लागला. इंजिन पुन्हा गप्प. बंदर मागे गेलं, होड्या मागे गेल्या, लिलावाचा गलका आला आणि सरला. गाडी वळून परत अंगणात आली. मागे चंद्रावती तोंडात पदर कोंबून रडत होती.

त्याने म्हातारीचा हात धरून तिला खाली उतरवलं. अंगणातली ओळखीची जमीन पायाला लागताच तिने त्याचा हात थोपटला.

"नाय झाली ना चालू? जाऊंदे, जावई, मनाला लावून घेव नका. मिठागरावरचे ट्रकपन असाच करायचे. दुरुस्त झाली का या. मी हाय."