एकतीस लाखांची पिवळी गाडी

वर्दी उतरवून काही वर्षं झाली. बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण पिवळ्या गाडीचं प्रकरण मला अजून दिवसवार आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडाही नव्हता. एका कामसू माणसाचं नाव माझ्यामुळे खराब झालं आणि त्याचं खरं कारण तपासाच्या कागदात कुठेच आलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी जळगावातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस अहिराणीत बोलत होता.

"मॅडम, धुळ्यानी एक पिवळी गाडी तुमना जळगावमा फिरी ऱ्हायनी. दोन दारनी. बठ्ठी कापेल शे. दोन गाड्या जोडीसन एक करेल शे."

"आपण कोण?"

"मी कोन, तेनं काय करतस? गाडी देखा. बॉनेट, डावा फेंडर, डावं दार, तिन्ही बदलेल शेतस."

फोन बंद झाला. अपघातात गेलेल्या दोन गाड्या कापून एक करायची आणि चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचे नंबर चढवायचे, हा धंदा मला माहीत होता. त्यामुळे मी खबर हलक्यात घेतली नाही. जळगावात तशी गाडी शोधायला वेळ लागत नाही. लोक वळून बघतात अशी परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार शहरात एकच होती. दुपारपर्यंत ती ठाण्याच्या आवारात आली.

मालक मूळचा रावेरकडचा, घरची केळी, जळगावात ठिबकच्या सामानाचं दुकान. वय चाळिशीच्या आत. गाडी घेऊन दीड महिना झाला होता. पहिल्या दिवशी त्याची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी आपल्या साडूला घेऊन आला आणि म्हणाला, फिर्याद द्यायची आहे. साडू अमळनेरचा, बियाणं-खतांचा व्यापारी, बोलका. फिर्याद एकाची होती, पण बोलला सगळं दुसराच.

"सांगा ना पाव्हणं," तो याला कोपराने ढोसत होता. "एकतीस मोजले ना? मग एकतीस सांगा. घाबरता कशाला, मॅडम आपल्याच आहेत."

फिर्याद अशी झाली: धुळ्याच्या एका डेंटरने, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा नीट करणाऱ्याने, ही गाडी 'कुठेही न लागलेली' असं सांगून एकतीस लाखांना विकली. बावीस लाख बँकेतून, नऊ लाख रोख. प्रत्यक्षात तीन भाग बदललेले आहेत. फसवणूक. तेव्हा कलम चारशे वीसच होतं. मी गुन्हा दाखल केला.

डेंटरला धुळ्याहून बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस, बोटांच्या पेरांत पुट्टी भरलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. बाप रोजंदारीवर राबायचा, याने ठोकापिटीच्या कामातून स्वतःचं गॅरेज उभं केलं होतं. एका विमा कंपनीचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यावर त्याचे अकरा कारागीर जगत होते. गुन्ह्यात नाव आलं की कंपनी काम काढून घेते, हे त्याने मला पहिल्याच तासात सांगितलं. दयेसाठी नाही, माहिती म्हणून.

"गाडी कापली का?"

"मी कापत नाही मॅडम, खोलतो. पहिल्या मालकाची गाडी उभी होती, कापसाची ट्रॉली मागे घेताना घासली. तीन भाग गेले. विम्यात बसेना, म्हणून मालकाने मलाच विकली. मी नवीन भाग टाकून उभी केली."

"आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही."

"बोटाने दाखवलं. हे, हे आणि हे. खाली वाकून बघा म्हटलं, ते वाकले पण होते."

"कागद केला?"

"नाही. बोटाने दाखवलं ना."

"नऊ लाख रोख कुठे आहेत?"

"कोणते नऊ?"

मी ते तीन तऱ्हेने विचारलं. तिन्ही वेळा त्याने तेच, त्याच शब्दांत विचारलं. पाठ केलेला माणूस शब्द बदलत नाही, असा माझा एक ठोकताळा होता. खरं बोलणारासुद्धा बदलत नाही, हे तेव्हा मी सोयीने विसरले.

त्याच संध्याकाळी धुळ्याहून माझ्या बॅचमेटचा फोन आला. तो तिथे गुन्हे शाखेत होता. आम्ही नाशिकला एकत्र प्रशिक्षण घेतलेलं. धावण्यात, कायद्याच्या पेपरात मी त्याच्या पुढे होते. पुढे मात्र त्याला गुन्हे शाखा मिळाली, जी मी दोनदा मागितली होती. पदक मिळालं. त्याने पकडलेल्या टोळ्यांचे फोटो पेपरात यायचे आणि मी ते पान उलटं घडी करून ठेवायची. भेटलो की तो मनापासून विचारायचा, "तुझं कसं चाललंय?" त्या विचारण्याने मला जास्त त्रास व्हायचा.

"तो डेंटर सरळ माणूस आहे," तो म्हणाला. "आम्ही जप्त केलेल्या गाड्या त्यालाच दाखवतो. कोणती कापलेली, कोणती नाही, तोच सांगतो. जरा बघून कर."

"माझा तपास मी करते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते सरळ लिहिते. हा माणूस गुन्हेगार निघाला तर धुळ्याच्या गुन्हे शाखेचा जाणकारच गाड्या कापणारा, अशी बातमी होईल. ती मला हवी होती. दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराने विचारलं तेव्हा मी 'पिवळ्या गाडीच्या प्रकरणात धुळ्याचा गॅरेजमालक चौकशीसाठी ताब्यात' एवढं सांगितलं. नाव दिलं नाही, पण धुळ्यात पिवळी गाडी उभी करणारा गॅरेजवाला एकच होता. बातमी आली आणि चौथ्या दिवशी विमा कंपनीने त्याचं काम थांबवलं. त्याने ते मला सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसला.

दरम्यान मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. चेसिस नंबर, इंजिन नंबर अस्सल. कुठेही कापाकापी नाही. म्हणजे चोरीचा मुद्दा संपला, फक्त फसवणुकीचा उरला. आणि तो एका प्रश्नावर येऊन अडला: गिऱ्हाइकाला भाग बदलल्याचं माहीत होतं की नव्हतं? साक्षीदार नाही, कागद नाही. एकाचा शब्द, दुसऱ्याचा शब्द.

डेंटरच म्हणाला, "मॅडम, एक करा. गाडीची किंमत काढा. मला विचारू नका, माझ्या ओळखीच्यालाही नको. जळगावातला कोणी बोलवा. फसवलं असेल तर किंमत बोलेल."

मला ते आवडलं नाही, कारण ते मला सुचायला हवं होतं. पण बरोबर होतं. जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एक म्हातारे जळगावात होते, सगळे त्यांना नाना म्हणत. धुळ्याच्या धंदेवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही, म्हणून मुद्दाम त्यांनाच बोलावलं. फिर्यादीतला आकडा सांगितला नाही.

नानांनी आधी चपला काढल्या. का, ते त्यांनाच माहीत. मग गाडीभोवती एक फेरी मारली, हात न लावता. ऊन तिरपं पडलं होतं, ते बाजूला उभे राहून रंगावरचा उजेड बघत होते. मग दार उघडून बिजागरीच्या बोल्टवर नख फिरवलं.

"इथे पाना लागलाय ताई. रंग तुटलाय बोल्टवरचा. दार बदललं. फेंडर बदलला. बॉनेटवरचं कंपनीचं स्टिकर नाही, म्हणजे तेही." मग ते खाली बसले, दाराचं रबर ओढून आतला खांब पाहिला, डिकीतलं चाक काढून खालचा पत्रा पाहिला. "पण आतून कोरी आहे. जे बदललं ते सगळं नटबोल्टचं. वेल्डिंग कुठेच नाही."

"म्हणजे फरक पडत नाही?"

"चालवायला नाही पडत. विकायला पडतो. अशा गाडीला आपल्याकडे गिऱ्हाईक किती? आणि जे येतं त्याला दाखवायलाच घ्यायची असते. बदललेला भाग दिसला की त्याचं मन उतरतं, मग तो किंमत पाडतो. न लागलेली असती तर तीस-एकतीस. खांब कापलेला असता तर मी पंधरालाही हात लावला नसता. ही अशी आहे तशी, बावीस. फार फार तर तेवीस."

मी फिर्याद उघडून परत वाचली. बँकेतून बावीस.

"घेणाऱ्याने किती सांगितले?" नानांनी चपला घालत विचारलं.

"एकतीस."

नाना हसले. "मग तो आकडा सासुरवाडीचा असेल. गाडीच्या तीन किमती असतात ताई. एक दिलेली, एक बायकोला सांगितलेली, ती कमी. आणि एक सासुरवाडीत सांगितलेली."

त्यांनी ते गमतीने म्हटलं. पण फिर्याद देताना एकतीसचा आकडा ढोसून वदवून घेणारा साडूच होता, हे मला तेव्हा आठवलं. मी फिर्यादीला एकट्याला बोलावलं. साडू बरोबर आला होता, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"नऊ लाख कुठून काढले?"

"घरात होते."

"केळीचे?"

"हो."

"केळीचे पैसे तुम्हाला खात्यावर येतात. पासबुक मी बघितलंय."

तो टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला.

"साडूंनी मोठी गाडी घेतली," तो म्हणाला. "अठ्ठावीसची. धरणगावला सासऱ्यांकडे साखरपुडा होता मेहुणीचा. सासरे सगळ्यांना साडूंचीच गाडी दाखवत होते. मला म्हणाले, तुमची बारकी कितीची? बारकी म्हणाले मॅडम."

"मग?"

"त्यांची अठ्ठावीसची होती."

"म्हणून?"

"म्हणून एकतीस."

मग त्याच दिवशी साडू रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले. अंगणात, पाहुण्यांसमोर, एकेक भाग मोजून आकडे वाचून दाखवले आणि म्हणाले, पाव्हण्यांना एकतीसला लुबाडलं. आता दोनच वाटा होत्या. बावीस दिले आणि सगळं माहीत होतं म्हणायचं, म्हणजे खोटं पडायचं. नाहीतर फसलो म्हणायचं. त्याने दुसरी धरली. गाडी ठाण्यात आली तेव्हा सासरे म्हणाले, जावई, फिर्याद द्या. साडू म्हणाले, मी येतो बरोबर. साडू शेजारी बसलेला असताना आकडा खाली आणणं त्याला जमलं नाही आणि ते नऊ लाख रोख त्याने माझ्यासमोर, खुर्चीत बसल्या बसल्या तयार केले.

"एक माणूस आत गेला असता," मी म्हणाले.

"मला वाटलं तो पैसे देऊन मिटवेल."

मी डेंटरला आत बोलावलं, साडूलाही. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. डेंटरने साडूकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे तर आधी येऊन गेलेत. यांनी एकोणीस म्हटलं होतं. मी बावीसच्या खाली नाही म्हटलं."

"मी फक्त देखाले गयतू," साडू म्हणाला. इतका वेळ तो माझ्याशी छापील बोलत होता.

"तीनदा आलात. तिन्ही भाग तुम्हालाही दाखवले. बोटाने."

फिर्यादी साडूकडे वळला. "म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं? यंत्राबिंत्राच्या आधी?"

"तुमले घेवानी घाई व्हती ना. घ्या आता."

"तुमच्याकडे मोठी गाडी होती. मग माझ्या गाडीच्या मागे का लागलात?"

साडू माझ्याकडे न बघता म्हणाला, "सासरा तिनामा बसना व्हता ना." साखरपुड्याच्या दिवशी सासरे हसत हसत त्या बारक्या गाडीत बसून धरणगावात फेरी मारून आले होते, एवढंच. पहिला निनावी फोन ज्या नंबरवरून आला तो याच्याच दुकानातल्या नोकराचा निघाला.

फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि दोघांवर खोटी माहिती दिल्याची कारवाई प्रस्तावित केली. पुढे ते सासरे मध्ये पडले, माफीनामे झाले. त्यात मला रस नव्हता. मी विमा कंपनीला दोन पत्रं लिहिली. तिसरं हातात घेऊन स्वतः धुळ्याला गेले. तोवर काम दुसऱ्या गॅरेजला गेलं होतं. अकरातले चार कारागीरही तिकडे गेले होते.

डेंटरने चहा मागवला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याचे तुकडे आकारानुसार लावलेले. मला म्हणाला, "मॅडम, एक विचारू? धुळ्याच्या साहेबांनी तुम्हाला फोन केला होता. पहिल्याच दिवशी."

"केला होता."

"त्यांनी सांगूनही?"

मी खोटं बोलू शकत होते. 'कायद्यापुढे सगळे सारखे' हे वाक्य अशा वेळी तयार असतं. मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं म्हणूनच."

तो समजला. अमळनेरच्या साडूकडे पाहिलं होतं तसंच त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढे आठ महिन्यांनी त्याचं काम परत आलं. गेलेले चार कारागीर आले नाहीत.

मत्सराचे गुन्हे मी नोकरीत बरेच पाहिले. पेटवलेल्या गंज्या, कापलेल्या केळीच्या बागा, निनावी अर्ज. अशा माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटतच नाही. आपण फक्त हिशेब सरळ करतोय असं वाटतं. मलाही त्या चार दिवसांत आपण काटेकोर तपास करतोय असंच वाटत होतं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कोणाला ताब्यात घेण्याआधी, त्याच्या बाजूने कोण बोललं आणि बोलणाऱ्याचं माझ्याशी काय आहे, हे माझ्या खासगी वहीत दोन ओळींत लिहायचं, मगच सही करायची. निवृत्तीपर्यंत त्या वहीत माझ्या बॅचमेटचं नाव आणखी दोनदा आलं. दोन्ही वेळा त्याचंच बरोबर निघालं. दोन्ही वेळा मी त्याचं ऐकलं. आवडलं मात्र एकदाही नाही.