मुनीमची सव्वा मूठ

कानबाईवर माझी श्रद्धा आहे का, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "तिच्या रोटांवर आहे!" गुजरातेत, डिंडोलीतल्या आमच्या घरी श्रावणात कानबाई, आमची देवी, पूजेला बसायची, उपास आईचा, जेवायला मी पुढे. पण त्या वर्षी माझी सगळी नाटकं बंद पडली. आमचा कुत्रा मुनीम घास घेत नव्हता.

येणाऱ्या-जाणाऱ्याचा हिशेब ठेवल्यासारखा दारात बसायचा, म्हणून तो मुनीम. त्याच्या एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं, डोळ्याखाली सूज आली. झोपला की श्वासाची शिट्टी वाजे. जनावरांचे डॉक्टर गुजराती, स्पष्टवक्ते. "नाकमां गाठ छे, भाई. मटशे नहीं. पण शेक आपीए तो राहत थशे." म्हणजे बरा होणार नाही, पण किरणांचा शेक दिला तर आराम पडेल. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी माणसांच्या दवाखान्यातलं यंत्र रविवारी रिकामं असताना शेक द्यायचं कबूल केलं. दर रविवारी एक, असे चार. हलू नये म्हणून भूल द्यावी लागे. काचेपलीकडे तो एकटा निजलेला दिसला की मी काचेला नाक लावून उभा राहायचो. उठेल ना हा?

तीन शेक झाले. शिट्टी मंदावली, पण खाणं नाही. कुत्र्याचं जेवण नाकापासून सुरू होतं. वासच येईना तर तो काय खाणार? मी बोटाने दूध चाटवत होतो.

चौथा रविवार नेमका कानबाईचा. त्याआधी आई नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू मोजायला बसली. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ज्याचा वाटा त्यानेच संपवायचा. उरला तर अपशकुन. आईने माझं नाव घेतलं, भावाचं घेतलं, पोरांची घेतली, आणि त्याच ओघात म्हणाली, "मुनीम." सव्वा मूठ सुपात!

"आई, कुत्र्याची मूठ?"

मुनीमला कधी उंबरा ओलांडू न देणारी ही बाई चक्क लाजली. "तोंडमा उनं. पडनी ते पडनी. आते कानबाई देखी लेई." म्हणजे नाव तोंडात आलं, मूठ पडली ती पडली, पुढचं कानबाई बघून घेईल.

"आणि त्याने खाल्लं नाही तर?"

"तू तुनं खाय!"

रविवारी रक्त गळणारा कुत्रा एकही रिक्षावाला घेईना. मुनीमला छातीशी धरून मी रस्त्यात उभा. चौथा शेक चुकला तर? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा, गंमत न करता मी कानबाईला म्हणालो, "बाई, माझ्याने होत नाही. आता तूच बघ." साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "कुत्ते को क्या हुआ, चाचा?" मी सांगितलं. त्याने गठ्ठे सरकवले. "बैठो." दवाखान्यापाशी उतरून मी हात जोडेपर्यंत तो वळून गेलाही. तो कोण, मला आजही ठाऊक नाही.

सोमवारी कानबाईला निरोप देऊन आम्ही पानावर बसलो. रोट, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. मुनीमची ताटली अंगणात होती आणि तो तिच्याकडे पाठ करून पडलेला. घरात कुणीच पानाला हात लावेना. मी तर खिरीकडेसुद्धा बघितलं नाही, यावरून काय ते समजा.

मग त्याचं नाक हललं. पुन्हा हललं. मान वर झाली. तो उठला, स्वतःची ताटली सोडून थेट उंबरा ओलांडून आत आला आणि आईच्या पानापाशी येऊन हुंगत उभा राहिला. आता लाटणं उडणार, असं मला वाटलं. आई उठली, अंगणातली ताटली घेऊन आली आणि आपल्या पानाशेजारी ठेवली. त्याने कणन् कण संपवला. आईने पदर डोळ्यांना लावला आणि मलाच दटावलं, "देखी काय ऱ्हायना? जेव!"

गाठ गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. होळीपर्यंत मुनीम दारात बसून सगळ्या गल्लीचा वास घेत होता; मग एका दुपारी तिथेच शांत झाला. मी आयुष्य मागत होतो, कानबाईने त्याला त्याचं नाक परत दिलं. किती द्यायचं ते तिचं तिला कळतं, माझं काम ओंजळ धरण्याचं.

पुढच्या श्रावणात आई पुन्हा गहू मोजायला बसली. पोरांची नावं झाली आणि तिची भरलेली मूठ सुपावर थांबली. मग तिने ती हळूच उघडून गहू पोत्यात परत सोडले, आणि मी कानबाईला हात जोडले.