रिकाम्या खुर्च्यांपुढचं भाषण

मी एकतीस वर्षं तंजावरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. त्यात अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा एक पेपर असे आणि तो मुलींना अजिबात आवडत नसे. तास दुपारी दोनचा. जेवणाचे डबे नुकतेच मिटलेले, पंखे गरम हवा फिरवतायत, मागच्या बाकांवर डोळे मिटायला लागलेत. अशा वेळी मी एका माणसाची गोष्ट काढत असे.

हा माणूस तिथल्या कनिष्ठ सभागृहाचा साधा सदस्य होता. त्याचा पक्ष वर्षानुवर्षं विरोधात बसलेला आणि तिथेच बसायची सवय झालेला. सभागृहाचं दिवसाचं काम संपलं, की ज्याला काही बोलायचं असेल त्याला बोलू देत. बाकीचे सदस्य तोवर निघून गेलेले असत. पण टीव्हीचे कॅमेरे चालू असत, आणि नियम असा, की ते फक्त बोलणाऱ्यावर रोखलेले राहायचे. याने ते हेरलं. तो उभा राहायचा, विरोधकांवर आरोप करायचा, उत्तर द्या म्हणायचा आणि थांबायचा. घरी बसून बघणाऱ्याला वाटायचं, समोर सगळे बसलेत आणि एकालाही उत्तर सुचत नाहीये. शेवटी सभापती चिडले आणि त्यांनी कॅमेरा रिकाम्या बाकांवर फिरवायला लावला. पण पुढच्या भांडणात सभापतींचाच तोल गेला, त्यांचेच शब्द कामकाजातून वगळले गेले, आणि हा माणूस देशभर माहीत झाला. काही वर्षांनी तो स्वतः सभापती झाला.

मी हे करून दाखवत असे. वर्गातल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडे बोट करून कडक आवाजात प्रश्न विचारायचे आणि हाताची घडी घालून वाट बघायची. मुली हसायच्या, जाग्या व्हायच्या. मग मी सांगत असे, की यानेच आपल्या पक्षाच्या लोकांना शब्द निवडायला शिकवलं. आपल्याबद्दल बोलायचे शब्द वेगळे, विरोधकांबद्दलचे वेगळे. समोरचा चुकतोय असं म्हणायचं नाही, तो वाईट आहे असं म्हणायचं. मुली भराभर लिहून घेत. वर्षभरात तेवढा एकच तास असा होता, ज्यात मला कुणालाही गप्प बसवावं लागत नसे. म्हणून मी तो दर वर्षी घेतला. हे चांगलं की वाईट, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. शिक्षकाने बाजू घेऊ नये, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे मला तो माणूस आवडायचा.

निवृत्त झाल्यावर मी पाच महिने मुलीकडे अमेरिकेत राहून आले. तिच्या घराच्या डाव्या हाताच्या दोन घरांत दोन म्हातारे राहत. मुलगी त्या घरी राहायला गेली तेव्हा ते दोघे एकाच यंत्राने आळीपाळीने गवत कापत. मी गेले तेव्हा दोघांच्या अंगणात निवडणुकीच्या वेगवेगळ्या पाट्या होत्या आणि मध्ये नवं, उंच कुंपण. एकाची बायको दवाखान्यात होती. दुसऱ्याला ते ठाऊक होतं. तो खिडकीतून बघत बसे, पण बाहेर येत नसे.

"आई, इथे आता असंच असतं," मुलगी म्हणाली. "पूर्वी म्हणे नव्हतं."

"हे कुणी सुरू केलं, ते मी शिकवत होते," मी म्हणाले, आणि तिला रिकाम्या सभागृहाची गोष्ट रंगवून सांगितली. मला त्या वेळी शरम वाटली नाही. आपल्याला कळतं, याचा अभिमानच वाटला.

परत आले, तेव्हा आमच्या सभेची निवडणूक आली होती.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आम्हा मराठी लोकांची ही सभा आहे. एक लांबट हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या, एक हार्मोनियम. निवडणूक म्हणायची एवढंच. बावीस वर्षं अध्यक्ष एकच होते आणि दर वेळी सगळे हात वर करून त्यांनाच निवडत. त्यांना अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. पापनाशमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, रोज रेल्वेने जायचे. आणि दर रविवारी दुपारी हॉलमध्ये मुलांना देवनागरी शिकवायचे. आमच्या घरांत मराठी बोलतात, तीही तमिळच्या चालीवर, पण वाचता फार थोड्यांना येतं. मला येतं ते मास्तरांमुळे. मी नऊ वर्षांची होते. 'ळ' माझ्याकडून नेहमी उलटा निघायचा. ते माझा हात धरून तो गिरवून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोरी, हे अक्षर आपलं आहे गे, त्याला असं पाडू नको." आज मी हे जे लिहिते आहे, ते त्यांनी दिलेल्या अक्षरांत.

माझं त्यांच्याशी एका गोष्टीवरून पटत नव्हतं. वर्गाला मुलं येईनाशी झाली होती. मला वाटे, आधी बोलायला शिकवावं, हवं तर तमिळ अक्षरांत लिहून द्यावं, देवनागरी नंतर. मास्तर म्हणत, "नंतर कधीच येत नाही." वाद एवढाच होता. दोन माणसांनी ओट्यावर बसून मिटवावा असा.

मी उमेदवारी जाहीर केली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीतली, आता बँकेत मोठ्या जागेवर, माझ्या बाजूने उभी राहिली. तिने विचारलं, "मॅडम, जिंकायचं कसं? अस्की त्यांनाच मानतात." अस्की म्हणजे सगळे.

मी हसले. "तुला तो दुपारचा तास आठवतो?"

तिला आठवत होता. आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून शब्दांच्या दोन याद्या केल्या. आमच्यासाठी: मुलं, नवं, मोकळं, उद्या. त्यांच्यासाठी: जुनं, बंद, मूठभर, मक्तेदारी. 'मक्तेदारी' माझा. तो सुचला तेव्हा मला शाळकरी आनंद झाला, हे मला लख्ख आठवतं.

मास्तर रविवारी वर्ग, आणि बैठक असली तर तीही, आटोपून सव्वाचारच्या बसने तिरुवैयारुला जात. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची, अंथरुणाला खिळलेली. तिला ते हाताने जेवू घालत आणि सातनंतर परत येत. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मलाही. सभेच्या बैठकाही रविवारीच, वर्गानंतर तीनला सुरू होत, चारला मुख्य काम संपे आणि नंतर ज्याला बोलायचं तो बोले.

निवडणुकीआधीच्या बैठकीत मी साडेचारला बोलायला उठले. हॉलमध्ये सहा माणसं उरली होती, त्यांतली दोन चहा पीत होती. विद्यार्थिनीने फोन माझ्यावर धरला, फक्त माझ्यावर. मी अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळले.

"मास्तर, मी आपल्याला आदराने विचारते. गेल्या पाच वर्षांत या वर्गातून किती मुलं वाचायला शिकली? सांगा."

मी हाताची घडी घातली आणि थांबले. पंख्याचा आवाज येत होता.

"आकडा नाही? बरं. मग ही मक्तेदारी कुणासाठी चाललीय, तेवढं तरी सांगा."

पुन्हा थांबले. मग खेदाने मान हलवली आणि खाली बसले. चहा पिणारा एकजण म्हणाला, "मास्तर तर गेले की." ते वाक्य विद्यार्थिनीने कापून टाकलं.

व्हिडिओ संध्याकाळच्या आत सगळीकडे गेला. चेन्नई, बंगळूर, मुलीच्या गावापर्यंत. मास्तरांना एका साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, असं लोक म्हणू लागले. जे गल्लीत राहत होते, ज्यांना ती बस ठाऊक होती, तेही म्हणू लागले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दोघातिघांना सांगितलं, की मी तिथे नव्हतो. ते सबब सांगितल्यासारखं वाटलं. भाजीवाल्यापाशी कुणीतरी त्यांना "या, मक्तेदार" म्हणालं आणि बाकीचे हसले. मीही तिथे होते. मी कोथिंबीर निवडत राहिले.

मी जिंकले, आणि चांगली जिंकले.

पहिला महिना मी कामात होते. मग हळूहळू काय झालंय ते दिसायला लागलं. मास्तरांच्या बाजूच्या घरांनी हॉलमध्ये येणं सोडलं. एका घरात मुंज होती, तिचं आमंत्रण गल्लीच्या अर्ध्याच दारांवर गेलं. दोन सख्ख्या जावा वेगवेगळ्या वेळी देवळात जाऊ लागल्या. आणि माझी विद्यार्थिनी प्रत्येक लहान गोष्टीवर ते शब्द वापरू लागली. हार्मोनियम दुरुस्तीला कुठे द्यायची यावरही एक गट प्रामाणिक आणि दुसरा लबाड. मी तिला म्हणाले, "अगं, एवढं बोलायची गरज नाही."

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच गोंधळली होती.

त्या रात्री नव्हे, त्या क्षणीच मला मुलीच्या शेजारचं उंच कुंपण दिसलं. ते मी डोळ्यांनी पाहून आले होते. न कळता झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

सहा महिन्यांनी एका सकाळी मी मास्तरांकडे गेले. दार मामींनी उघडलं, म्हणजे त्यांच्या पत्नीने. त्या बाजूला झाल्या. मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. मला बघून उठले.

"वांगो," ते म्हणाले. "उक्कारुंगो."

या, बसा. तमिळमध्ये. आणि परक्या माणसाला बोलावताना देतात तसा मान देऊन. पन्नासहून अधिक वर्षांत ते माझ्याशी मराठीखेरीज बोलले नव्हते, आणि मला त्यांनी 'तू' सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

मी बसले. मी मराठीत सगळं सांगितलं. साडेचारची वेळ मी मुद्दाम निवडली. तुम्ही बसमध्ये असणार हे मला ठाऊक होतं. फोन कसा धरायचा, ते मीच सांगितलं. एका अमेरिकन पुढाऱ्याची युक्ती होती, ती मी वापरली. हे शेवटचं का सांगितलं कोण जाणे. जणू त्यामुळे माझा वाटा थोडा कमी होणार होता.

ते ऐकत राहिले. मग तमिळमध्येच म्हणाले, "तुम्ही मला किती मुलं विचारलं होतं. अकरा. इथे घरी येऊन विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

"मास्तर, मराठीत बोला ना माझ्याशी."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "कॉफी घेऊन जा," ते तमिळमध्ये म्हणाले आणि आत गेले.

कॉफी मामींनी आणली. ती मी प्यायले, कारण न पिता उठणं जास्त कठीण होतं.

पुढच्या वार्षिक बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. या वेळी फोन हॉलभर फिरवायला सांगितला. मला वाटलं होतं लोक चिडतील, मला खाली बसवतील. तसं काही झालं नाही. ते टाळ्या वाजवू लागले. "केवढा मोठेपणा," एक बाई म्हणाल्या. माझी विद्यार्थिनी कानाशी म्हणाली, "मॅडम, हे फार छान झालं. आता पुढच्या निवडणुकीत आपल्याला कुणी हरवू शकत नाही." मी तिथेच राजीनामा दिला. त्याचाही व्हिडिओ गेला आणि त्यालाही लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. जुना व्हिडिओ मात्र कुणी पुसला नाही. तो अजून फिरतो.

आता अध्यक्षा विद्यार्थिनी आहे. बोलण्याचा वर्ग तमिळ अक्षरांत चालतो आणि मुलांनी हॉल भरलेला असतो. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं. हे मला सर्वांत जास्त टोचतं. ते चुकीचं ठरलं असतं, तर निदान हरल्याचं समाधान मिळालं असतं. बरोबर गोष्ट मी सरळ सांगू शकले असते आणि मी ती तशी सांगितली नाही.

गेल्या पावसाळ्याअखेर मास्तरांची बहीण गेली. मला कुणी कळवलं नाही, मी भाजीवाल्याकडून ऐकलं. मी बसने तिरुवैयारुला गेले. घर कावेरीच्या अगदी जवळ आहे. अंगणात सभेच्या दोन्ही बाजूंची माणसं होती, पण दोन वेगळ्या घोळक्यांत. मास्तर मधल्या पायरीवर बसले होते, एकटे. मी जवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ते सरकले आणि पायरीवर जागा केली. मी बसले. ते तमिळमध्ये नाही बोलले आणि मराठीतही नाही. पुरुष तिला घेऊन नदीकडे निघाले, तेव्हा ते उठले आणि त्यांच्याबरोबर गेले. मी बायकांबरोबर मागे राहिले आणि मामींच्या हातातली घागर घेऊन विहिरीवर पाणी भरायला गेले.