पाळणाघराचा अर्ज आणि आमचे नाना

“तो शब्द खोडा,” मी तिसऱ्यांदा म्हटलं.

“खोडत नाही,” नानाही तिसऱ्यांदाच म्हणाले. “त्या एका शब्दावर अर्ज उभा आहे.”

शब्द होता ‘निराधार’. आमच्या पाळणाघरात लेकरं ठेवून केळीच्या पॅकहाऊसमध्ये, नाहीतर कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना नानांनी अर्जात सरसकट ‘निराधार महिला’ करून टाकलं होतं. आजवर मदत करणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी हे शेवटचं वर्ष म्हणून कळवलेलं. उरलं धुळ्याचं फाउंडेशन. त्यांचा ऑनलाइन अर्ज त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. तिथून नाही मिळालं तर जूनपासून पाळणाघराला कुलूप.

भांडण कुठवर गेलं ते सांगतेच, पण आधी आम्ही कोण ते कळू द्या. चोपडा तालुक्यातली लहानशी संस्था. मी अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर नाना सेक्रेटरी, आणि पाळणाघर सांभाळून वर कॉम्प्युटरही सांभाळणारी शबाना. या धुळेकरांकडे आम्ही दरवर्षी अर्ज करतो. देणगी एकदाही आली नाही. किस्से मात्र न मागता येत राहिले.

*

पहिला अर्ज आम्ही एसटीनं धुळ्याला नेऊन दिला. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही, म्हणून नानांनी केळीचा अख्खा घड घेतला. ऑफिसातले साहेब म्हणाले, आम्हाला भेटवस्तू चालत नाही, नियम आहे. नाना म्हणाले, दिलेला घड परत नेणं आमच्यात चालत नाही, तोही नियमच आहे. घड टेबलावर, दोन नियम दोन बाजूंना. बराच वेळ कुणी हलेना.

शेवटी नाना म्हणाले, “साहेब, भेट समजू नका. अर्जाचं जोडपत्र समजा.”

साहेब हसले. घड राहिला. महिन्यानं पत्र आलं: आपलं काम स्तुत्य आहे, परंतु आमचं फाउंडेशन शेतीसाठी मदत करत नाही.

*

या लोकांचा दरवर्षी एक ‘विषय’ असतो. आमचा विषय एकच, दूधपितं लेकरू. मग नाना त्याच लेकराला दरवर्षी नवे कपडे चढवतात. पर्यावरणाच्या वर्षी त्यांनी लिहिलं की आमच्या झोळ्या जुन्या लुगड्यांच्या असतात, म्हणजे हा पुनर्वापर. क्रीडेच्या वर्षी रांगण्यावर दीड पान लिहिलं. धुळ्याच्या मॅडमचा फोन आला, तुमच्याकडे मैदान केवढं आहे? नाना म्हणाले, “एक सतरंजी.”

डिजिटल साक्षरतेच्या वर्षी मात्र नानाही अडले. शबाना म्हणाली, “नाना, लिहा ना, मोबाइल दाखवल्याशिवाय एकही पोरगं घास घेत नाही. साक्षरच आहेत ती.”

*

एका वर्षी अर्जात विचारलं होतं, तुमची संस्था या गावातून बाहेर केव्हा पडणार? प्रश्न वाचून नानांचा चेहरा उतरला. आपलं काही चुकलं का, म्हणून त्यांनी धुळ्याला फोन लावला. मॅडमनी समजावलं, चुकलं नाही, काम लोकांवर सोपवून संस्था निघते ना, त्याची तारीख हवी.

मी फोन घेतला. म्हटलं, “मॅडम, आम्हीच ते लोक. तारीख वरून यायची आहे.”

*

गेल्या वर्षी त्यांना फोटो हवे होते, पाळणाघराच्या आधीचे आणि नंतरचे. आधीचे कुठून आणायचे? तेव्हा बाया बांधावरच्या निंबाला झोळी बांधून वेचणीला जायच्या, फोटो कोण काढतंय! नाना म्हणाले, परत बांधू झोळी. निरोप गेला: उद्या शेतात फोटो.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या शेतात सगळ्या हजर. दिवाळीच्या साड्या, केसांत गजरे, लेकरांच्या डोळ्यांत काजळ. एकीनं तर लग्नातला हार घातलेला. नानांनी कपाळावर हात मारला. ती त्यांनाच म्हणाली, “फोटू काढाना शे ना नाना, मंग फाटेल लुगडं का बरं नेसू?”

फोटो तसेच गेले. मॅडमनी कळवलं, छान आहेत, पण चुकून लग्नाचे आलेत का?

*

म्हणून यंदा नानांनी ठरवलं, फोटोंनी घालवलं ते शब्दांनी मिळवायचं. त्यातून हा ‘निराधार’.

हा शब्द मला नवा नाही. मालक गेले तेव्हा तहसील कचेरीतल्या कागदावर तो माझ्या नावापुढे लागला होता. पुढे मी पोरं वाढवली, बियाण्याच्या पिशव्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले, संस्था काढली. तो शब्द खोडायला कचेरीतून कुणी आलं नाही. नानांना हे सगळं ठाऊक आहे, तरी हेका सुटेना.

“अक्का, प्रश्न तुमच्या मानाचा नाही, लेकरांचा आहे,” ते म्हणाले. “कष्टाळू बायांना कुणी देत नाही. बिचाऱ्या बायांना देतात. जूनमध्ये दाराला कुलूप बघून त्या परत फिरतील, तेव्हा तुमचा मान त्यांना काय कामाचा?”

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि लेकरांवर त्याचा जीव माझ्याइतकाच. शबाना माऊसवर हात ठेवून एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होती. साडेचार होत आले होते.

तेवढ्यात तिनं शेवटचा कागद पुढे सरकवला. लाभार्थी आयांची यादी. प्रत्येकीच्या नावापुढे सेक्रेटरीनं स्वहस्ते तिची परिस्थिती लिहायची, खाली सही, मग स्कॅन. नानांनी खिशातून पेन काढलं. मी यादी हातात घेऊन वाचली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

“तुमचा शब्द राहू द्या नाना, पहिलं नाव तुमच्या सुनेचं आहे, तिच्यापुढे तेवढा तुमच्या हातानं लिहा.”