पंचफुलाचं प्रस्थान

उंद्रीच्या पंचफुलाबाईची पाटी दुसऱ्या कुणी भरून दिल्याचं गावात कुणाला आठवत नाही. वांगी तिनंच तोडायची, मेथीच्या जुड्या तिनंच बांधायच्या, आणि पाटीत खाली काय जाईल, वर काय राहील हेही तिनंच ठरवायचं. नवरा होता तेव्हा त्यानं एकदा हौसेनं टमाटे तळाला घातले आणि वर कोहळं ठेवलं. चिखलीच्या बाजारात पोचेस्तोवर पाटीतून लाल पाणी ठिबकायला लागलं. त्या दिवसापासून "माह्या पाटीले हात लावजो नको" हा त्या घरातला कायदा झाला. पुढं नवरा गेला, एकुलती एक रुपाली लग्न होऊन हैदराबादला गेली, पण कायदा काही हलला नाही.

अशा बाईची बॅग दुसऱ्यांनी भरली आणि ती तशीच विमानतळावर गेली, हे सांगितलं तर चिखलीच्या बाजारातले लोक आजही म्हणतात, दुसरी कोणी पंचफुला असेल.

रुपालीला दिवस गेले होते. दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेला पोटातलं गेलं, तेव्हा पंचफुला एसटी आणि रेल्वे बदलत बदलत पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. रुपाली भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि "माय, उशीर केला वं" एवढंच बोलली. ते वाक्य पंचफुलाच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं होतं. या वेळी बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या, दिवसही ठरवून दिला. रुपालीचा फोन आला, "माय, मले आत नेतील त्याच्या आधी तू पाह्यजे."

पंचफुला उठली ती थेट इंद्रभानच्या दुकानात गेली. इंद्रभान तिच्या नणंदेचा पोरगा. बसस्टँडपाशी त्याचं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, पीकविमा, कॉलेजचे अर्ज, रेल्वेची, विमानाची तिकिटं, सगळं तिथंच.

"मामी, विमानानं जाय. संभाजीनगरहून बसलीस की तासाभरात हैदराबाद."

"तासाभरात मी चिखलीले पोचत नाई. तू मले हैदराबाद सांगून राह्यला?"

त्यानं पडद्यावर भाव दाखवला. तिला परवडेल असा वाटला. "आधार कार्ड आण," तो म्हणाला. ती घरी गेली, कार्ड घेऊन आली. तोवर भाव चढला होता. पंचफुला पडद्याकडे पाहतच राहिली.

"काऊन बे? मी गेली अन् आली, एवढ्यात कायचा वाढला?"

"खालच्या भावाच्या जागा संपल्या असतील, मामी. गिऱ्हाईक वाढलं की भाव वाढते."

"आन मी कोथिंबिरीची जुडी गिऱ्हाईकाच्या हातात देऊन भाव वाढवला तं मले लोक जोड्यानं मारतील."

इंद्रभाननं घाईनं नाव टाकलं, आधारवर जसं होतं तसंच, एकही अक्षर इकडचं तिकडं न करता. तारीख त्यानं तिला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. मग पडदा विचारायला लागला, सीट कोणती पाहिजे, त्याचे वेगळे.

"बसाचे वेगळे?" पंचफुलाचा हात गालावर गेला. "मंग आधीचे कायचे, उभं राह्याचे?"

"ते आपण घेतच नाई, मामी. जे मिळंल त्यावर बस. हे पाय, विम्याची खूण आपोआप पडते, ते पण काढलं. जेवण काढलं. भाकर ने घरची." त्या दिवसापासून इंद्रभान गिऱ्हाईकाला आधी आधार मागतो, मग पडदा उघडतो.

तिकीट निघालं आणि त्यानं मामीला समोर बसवून धडे दिले. मोठी बॅग पंधरा किलोच्या वर जायला नको. हातातल्या पिशवीत सुरी, कात्री, विळा काही नको. तेल, तूप, लोणचं मोठ्या बॅगेत, तेही झाकण घट्ट करून. काडेपेटी कुठंच नको. तिकिटाचा कागद हातात, फोनमध्येही. आणि एक लुगडं हातातल्या पिशवीत ठेवजो, मोठ्या बॅगेचं काही झालं तर अंगावर घालायला असावं. पंचफुलानं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. हातातल्या पिशवीत तिनं दशम्या भरल्या.

बॅग भरताना तिचं एका गोष्टीपाशी अडलं. तिच्या सासूचा विळा. रुपाली जन्मली तेव्हा तो उशाखाली होता, पाचवीच्या पूजेत पाट्यावर होता. घरातल्या प्रत्येक लेकराच्या उशाखाली तो राहिलेला. पण इंद्रभान म्हणाला होता विळा नको, आणि कोणत्या पिशवीत चालतो, कोणत्या नाही, हे तिच्या डोक्यात सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. विळ्यापायी विमान चुकलं तर? तिनं तो कपाळाला लावला आणि परत आढ्यात खोचून ठेवला. बॅग भाजीच्या काट्याला टांगली. काटा पंधराच्या आत थांबला. तिनं कुलूप लावलं आणि किल्ली हरवू नये म्हणून लाल दोऱ्यानं बॅगेच्या मुठीलाच बांधली.

मग पंचांग आडवं आलं. जायच्या दिवशी नेमकी अवस. अवसेला उंद्रीत कुणी गावाची वेस ओलांडत नाही, बाळंतपणाला तर मुळीच नाही. आणि तारीख काही बदलता येत नव्हती. उपाय शेजारच्या शालूबाईनं काढला, जो पूर्वापार होता. चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे सामान आधीच घराबाहेर काढून शेजारच्या देवापाशी ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघालं. एकदा निघालेलं सामान घरात परत आणायचं नाही, तिथूनच पुढं न्यायचं.

"माह्या देवापाशी ठेव," शालूबाई म्हणाली. "अवसेले मंग तू फक्त गाडीत बसजो. तुहं जाणं कालचंच झालं."

चांगला दिवस पाहून बॅगला हळदकुंकू लागलं आणि ती शालूबाईच्या देवघरात गेली. निघायच्या सकाळी इंद्रभाननं ती तिथूनच उचलून गाडीत टाकली. "मामी, दगडं भरले का?" तो म्हणाला. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पोराला पंधरा किलो जड जाणारच, असं पंचफुलाला वाटलं.

चिखली गेलं, देऊळगाव राजा गेलं, जालना गेलं. विमानतळाच्या काचेच्या दारापाशी बंदूकवाल्या जवानानं तिचं तिकीट आणि आधार पाहिलं, मग इंद्रभानकडे हात केला.

"तुमचं तिकीट?"

"मीच बुक केलं हे."

"मग बाहेरच थांबा."

पंचफुला जागीच थबकली. "तू तं म्हणे आत डाव्या हाताले मशीन आहे, मंग काउंटर आहे."

"व्हिडिओत पाह्यलं होतं, मामी."

"म्हणजे तू कवा बसलाच नाई?"

इंद्रभान जमिनीकडे पाहायला लागला. उंद्रीच्या निम्म्या लोकांना हवेत उडवणारा भाचा आजवर या दाराच्या पलीकडे गेलेलाच नव्हता. बसलेल्या धक्क्यातच ती ढकलगाडी धरून आत शिरली.

डाव्या हाताला मशीन खरंच होतं. बॅग त्याच्या पोटात गेली आणि पट्टा मधेच थांबला. पडद्यासमोरचा माणूस पुढं वाकला, मागं झाला, परत पुढं वाकला.

"मावशी, बॅग तुमची? तुम्हीच भरली?"

पंचफुलाला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. "भरली मीच. पण ती शालूबाईच्या देवापाशी होती. आज सकाळी तिथूनच आणली."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरी?"

"प्रस्थान ठेवलं होतं ना."

त्या माणसानं सोबत्याकडे पाहिलं. "उघडा," तो म्हणाला.

लाल दोऱ्याची किल्ली तिनंच सोडली. दोऱ्याची गाठ तिनं मारलेली नव्हती, हे बोटांना आधी कळलं. झाकण वर झालं. वर एक अनोळखी दुपटं. त्याखाली कोपऱ्यावरच्या सरस्वतीबाईच्या हातचे डिंकाचे लाडू, हे डब्यावरून ओळखू आलं. टोपरी, झबली, अळिवाची पुडी, बाळंतशेपा, तिळाच्या तेलाची बाटली. निरांजन, वाती आणि त्यांच्यासोबत काडेपेटी. हिरवं खणाचं कापड, त्यात खोबऱ्याच्या वाट्या, ही शालूबाईनं भरलेली ओटी. सगळ्या आळीनं हात घातला होता. पुरुषांना बाहेर काढून, देवघराचं दार लावून, हसत हसत एकेकीनं आपलं ठेवलं असणार. भरल्या बाजारात कुणी पाटी उपडी करावी तसं तिला झालं.

सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या माणसानं ते उकललं आणि विळा वर धरला.

मुठीवरचा तो जळका डाग. सासूचाच. आढ्यात खोचलेला विळा संभाजीनगरला कसा आला?

"साहेब, माहाच हाये. पण मी नाई ठेवला."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं, यापेक्षा वाईट उत्तर नसतं. आता धरून नेतील, विमान जाईल, रुपाली परत भिंतीकडे तोंड करील. डोळ्यांत पाणी आलं. "लेकीचं बाळंतपण आहे, साहेब. उशाखाली ठेवतात. शेजारीण माह्या घरात घुसून घेऊन आली असंल."

त्यानं विळा उलटापालटा केला आणि परत गुंडाळला. "हा या बॅगेतून जातो. हातातल्या पिशवीतून जात नाही."

"जाते?"

"जातो. काडेपेटी काढा." मग त्यानं खणातल्या वाट्या उचलल्या. "आणि हे नाही जाणार."

"खोबरं?"

"सुकं खोबरं. तेल असतं त्यात, पेट घेतं."

पंचफुलानं एकदा विळ्याकडे पाहिलं, एकदा खोबऱ्याकडे. पन्नास वर्षं जे जे धोक्याचं मानलं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढं उलटंपालटं झालं. "विळा जाते अन् ओटीचं खोबरं जात नाई," ती स्वतःशीच म्हणाली, जसं कुणी आपल्याच गावाचं नाव विसरावं.

अजून काउंटर बाकी होतं. तिथं वजन झालं. आकडा पाहून ती म्हणाली, "बाई, तुमचा काटा मारते."

काउंटरवरची पोरगी हसली नाही. "मावशी, काटा बरोबर आहे. जास्तीचे पैसे भरा, नाहीतर सामान कमी करा. लवकर करा, काउंटर बंद व्हायला आलंय." जास्तीचे किती ते ऐकून पंचफुला बॅगेशेजारी खाली बसली.

काय काढायचं? दुपट्यावर शालूबाईचे टाके होते. लाडवांना सरस्वतीबाईचे सुजलेले हात लागलेले होते. ज्या वस्तूला हात लावावा तिच्यातून एकेका बाईचं तोंड वर येत होतं. मागं रांग ताटकळली होती. मग तिच्या लक्षात आलं, या बॅगेत एका बाईचं सामान असं आहे जिला आपण बिनदिक्कत नाही म्हणू शकतो. तिनं आपली लुगडी काढली. एकूण एक. चादर काढली, शाल काढली, आपला पितळी तांब्या काढला. लाडू तळाला, तेल कडेला, झबली वर, अशी पाटी लावावी तशी बॅग लावली. काटा पंधरावर येऊन थांबला.

लुगड्यांचं गाठोडं, त्यात खणासकट खोबरं आणि काडेपेटी, तिनं दारावरच्या जवानाच्या हातून बाहेर दिलं. काचेपलीकडून इंद्रभाननं फोन लावला. "मामी, मंग तू नेसशील काय?"

"पोचू तं दे," ती म्हणाली.

विमानात तिनं खुर्चीचे हात असे धरले की हैदराबादला उतरताना बोटं सरळ होईनात. बाहेर जावई देवेश उभा होता, चेहरा उतरलेला. "सासूबाई, रात्रीपासूनच दुखायला लागलं. उद्याचं ऑपरेशन आजच करताहेत. तिला तयार केलंय." ती तशीच गेली. दवाखान्याच्या लांब गल्लीत रुपालीची चाकांची खाट ऑपरेशनच्या दारापाशी पोचली होती. पंचफुला पळाली. आयुष्यात ती बसमागं पळाली होती, माजलेल्या गोऱ्ह्यामागं पळाली होती, पण अशी कधी नाही. तिनं लेकीचा पाय धरला, तोच हाताशी आला.

"माय, आली?"

"आली वं."

मुलगी झाली.

इकडं उंद्रीत इंद्रभाननं ते खोबरं कुणाला दाखवलं नाही. ओटीचं खोबरं परत आलं हे शालूबाईला सांगायची त्याची छाती नव्हती. टेबलाच्या खणात, प्रिंटरच्या कागदांखाली ते लपवून तो बसला. कुणी विचारलं की "गेलं सगळं" म्हणायचा.

पाचवीच्या दिवशी फोन लागला. आळीतल्या बाया इंद्रभानच्या दुकानात एका पडद्यापुढं दाटल्या. पडदा उजळला आणि सगळ्यांनी माना पुढं काढल्या. पंचफुला दिसत होती. जांभळ्या फुलाफुलांच्या गाउनमध्ये. जन्मभर नऊवारीत वावरलेली पंचफुला गुडघ्यावर बाळ घेऊन बसली होती आणि गाउनला गळ्यापाशी चुण्या होत्या.

"काय वं पंचफुले," शालूबाईला कसंबसं बोलता आलं, "हे काय घातलं?"

"तुह्या दुपट्यापायी घातलं. सरस्वतीबाईच्या लाडवापायी घातलं. माह्या बॅगेत माही जागाच ठेवली नाई तुम्ही."

"अन् माहं खोबरं?"

"ते इंद्रभानले विचार."

सगळ्या बायांनी मान वळवली. इंद्रभाननं टेबलाचा खण उघडला. हिरवं खणाचं कापड पाहून शालूबाईचा चेहरा पांढरा पडला. "ओटीचं परत आणलं बे?" तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "पंचफुले, अपशकुन केला मी. तुह्या लेकीले काही झालं असतं तं?"

पंचफुलानं फोन फिरवला. बाळाच्या उशाखालून विळ्याची जळक्या डागाची मूठ बाहेर डोकावत होती. आढ्याला शिडी लावून तो कुणी काढला हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. "हे कोणी केलं, शालूबाई? हे पण तूच केलं ना? मंग गप राह्य अन् खोबरं किस. साखर टाकून वाट आळीत. माह्या नातीचं तोंड गोड करून राह्यली म्हण."

शालूबाईनं खोबरं पदराखाली घेतलं. दारापर्यंत गेली, परत आली आणि पडद्याकडे न पाहता विचारलं, "येशील कवा?"

"येईन सव्वा महिन्यानं. पण निघताना प्रस्थान ठेवायचं झालं तं सुपारीचं ठेवीन वं," पंचफुला म्हणाली. "बॅग मी कोणाच्या घरी देत नाई आता."