चौकटीतल्या बाई

सोलापुरात आमच्या शेजारच्या बाई अकरावीला जीवशास्त्र शिकवतात. संध्याकाळी घरी शिकवणी असते. खोली लहान, मुलं सतरंजीभर, म्हणून त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहूनच शिकवतात. पेशीचं पटल शिकवायचं असलं की ती चौकटच पटल होते. आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"पाणी येतंय, जातंय, त्याला कोण विचारत न्हाय. पण साखर आपली आपण आत शिरत न्हाय. दारातलं प्रथिन तिला धरतंय, आत नेऊन सोडतंय, आन् परत दारात उभं ऱ्हातंय की."

पुस्तकातले शब्द आणि अक्कलकोटकडची बोली त्या एका दमात बोलतात. एरवी मोजकंच. जिन्यात भेटल्या तर "बरंय?" विचारून उत्तर यायच्या आत निघून जातात. मला ते जरा तुसडं वाटायचं.

आमचे हे गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला बाईंकडे हळदीकुंकू होतं. विधवेला अशा वेळी बोलावत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी दार लोटून घरात बसले होते. बाई आल्या, "चला की वहिनी," म्हणाल्या आणि माझं मनगट धरलं.

त्यांच्या दाराशी माझे पाय अडले. आतलं बोलणं थांबलं. मनगट काही सुटलं नाही. बायकांच्या मधोमध सतरंजीवर मला बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, तेव्हाच बाईंनी हात सोडला. मग त्या परत चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या.