सगुणाकाकूंचा पाहुणा

सगुणाकाकू दिवसभर बोट चाटत. चुलीपाशी, अंगणात, कुणाशी बोलता बोलता मध्येच त्या हातातल्या वाटीत करंगळी बुडवायच्या, जिभेला लावायच्या आणि डोळे बारीक करून जरा थांबायच्या. लग्न होऊन मी शहापूरहून तुमसरला आले तेव्हा आमच्या आणि त्यांच्या अंगणात फक्त एक कुडाचं कुंपण होतं, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं दोन्हीकडे दिसे. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना म्हटलं, शेजारच्या काकू भारी गोडखाऊ दिसतात. सासूबाई म्हणाल्या, "गोडखाऊ नाही वो. पाखराचं जेवण आंबलं का काय, ते पाहून राहिली."

पाखरू म्हणजे पोपट. पण तसा पोपट आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. अंगानं लालभडक, पंखांना काळी किनार, चोच नारिंगी. एका पायाची बोटं झडलेली, म्हणून त्याला दांडी धड धरता येत नसे. काकूंनी त्या दांडीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून ती जाड आणि मऊ केली होती. त्याची जीभ टोकाला पिंजल्यासारखी होती, बारीक तंतूंची. दाणा त्याला चालायचा नाही, पोटात गेला तर पचायचा नाही. त्याच्या मुलखात तो फुलाफुलांतला मध पीत हिंडला असता. इथं त्याला मधाचं पाणी, कुस्करलेलं केळं, पपईचा गर, आणि पळस फुलला की फुलांसकट फांद्या. उन्हाळ्यात मधाचं पाणी घटकाभरात आंबे, की काकू ते फेकून पुन्हा नवं करीत. मुंग्या चढू नयेत म्हणून पिंजऱ्याच्या दोरीला रॉकेलची चिंधी बांधलेली. पातळ खाणारा पक्षी पातळच हगणार, त्यामुळे मागची भिंत रोज धुवायची. एवढं माझ्या सासूनं स्वतःच्या नवऱ्याचंही केलं नसेल.

काकू त्याला नावानं हाक मारत नसत. "पाहुणा" म्हणत. कुणी विचारलं, एवढं कायले करता, की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पाहुण्याले आपल्या मनचं नाही, त्याच्या पोटाचं वाढा लागते."

पाहुणा आणला होता त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, सुधाकरनं. काकूंचे यजमान राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. माणूस कामाला वाघ, पण तोंडाला लगाम नाही. पोरगं काही दिवस घरी बसून होतं, तर एकदा भर जेवणात ते त्याला म्हणाले, "माझ्या भातावर किती दिवस जगतं रे?" सुधाकर ताटावरून उठला आणि तुमसर रोड स्टेशनवरून मिळेल त्या गाडीनं थेट कलकत्त्याला गेला. तिथं टायरच्या दुकानात लागला. बाप गेला तरी त्याला वेळेवर कळलं नाही. नंतर एकदा आला, तो गमछ्यानं झाकलेला हा पिंजरा घेऊन. "माय, याले दाणा देजो नोको, नुसतं गोड पाणी. दिवाळीले येतो न् घेऊन जातो," असं बोलून तो गेला. ती दिवाळी गेली, तिच्या नंतरच्याही गेल्या. पत्र आलं तर आलं.

धानाच्या मुलखात भात न खाणारा जीव म्हणजे लोकांना करमणूक होती आणि जरा रागही. आमच्याकडे पोळ्या कितीही खा, भात पोटात गेला नाही तर तुम्ही जेवलात असं कुणी धरत नाही. कुणी यायचं आणि म्हणायचं, बिचाऱ्याला उपाशी मारते ही बाई, दोन शितं टाका. काकू पिंजऱ्यापुढे आडव्या उभ्या राहत. शितं घेऊन आलेल्या माझ्या सासूलाही त्यांनी परत पाठवलं होतं, आणि माझ्या सासूला परत पाठवणं सोपं नव्हतं. मी एकदा विचारलं, "काकू, मेला तर मेला, तुम्ही काहून एवढा जीव टाकता?" त्या म्हणाल्या, "पोरगा आला न् त्यानं इचारलं, माय, माहं पाखरू कुठं आहे, त मी काय दाखवू वो?"

माहेरी जाणं त्यांनी बंद केलं. सिहोऱ्याला भाऊ वारला, तरी सकाळी गेल्या आणि मातीहून तशाच परत आल्या, कारण पाहुण्याचं पाणी बदलायचं होतं. लोक नावं ठेवत. मीही ठेवली.

पाखरू ठेवून गेल्यावर सात-आठ वर्षांनी, धानाची कापणी उरकल्यावर, सुधाकर आला. न कळवता. अंगानं भरलेला, हातात घड्याळ. काकूंचे पाय जमिनीवर ठरेनात. नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांगी. मी दही घेऊन गेले तेव्हा तो पिंजऱ्यासमोरच पाट मांडून जेवत होता.

"अजून जित्ता आहे का हा?" तो हसून म्हणाला. त्यानं वरणभाताचा घास कालवला, त्यात हिरवी मिरची खोचली आणि गजांतून आत धरला. "घे रे मिठू."

दाणा देऊ नोको, हे सांगणारा तोच होता. त्याला ते आठवतही नव्हतं. पाखराला माणसाच्या हाताचा भरवसा. त्यानं चोच पुढे केली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल असं धरलं. त्या सुधाकरकडे बघत होत्या. तो लहान पोरासारखा हसत होता.

पुढचे काही दिवस दर जेवणाला हेच चाललं. पाखरू अंग फुगवून बसू लागलं, मग गोड पाण्याकडेही बघेना. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं दिसलं. "काय झालं याले?" सुधाकरनं विचारलं. काकू म्हणाल्या, "वय झालं होतं, बापा." आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

मी त्यांना विहिरीवर गाठलं. घागर काठावर आदळली. "तुम्ही डोळ्यानं पाहत होत्या. एक शब्द काहून नाही बोलल्या?"

काकूंनी दोर सोडला. "बाप एकडाव भातावरून बोलला, पोरगा ताटावरून उठला. आता मी जेवताना त्याचा हात धरू? पुन्हा उठला असता त?" मग दोर ओढता ओढता म्हणाल्या, "त्याच्या हातानं मेलं हे त्याले कधी समजू देजो नोको. लाजीनं पाय नाही टाकणार घरात. मले वचन दे."

मी दिलं. तो दोन दिवसांनी गेला आणि काकू असेपर्यंत पुन्हा आला नाही. रिकामा पिंजरा काकूंनी भंगारवाल्याला दिला. त्यानंतर दोन-तीन पावसाळे त्या जगल्या असतील. शेवटी तापात गेल्या. आग माझ्या नवऱ्यानं दिली.

सुधाकर तेरवीला आला. पंगत बसली, मी वाढायला होते. शेजारच्या माणसाला तो सांगत होता, "कलकत्त्याहून काय पोपट आणला होता मी मायसाठी. लालभडक. तुम्ही पाह्यलाच असन. पण तिच्याच्यानं सांभाळणं नाही झालं." तो माणूस म्हणाला, "बाईमाणूस, तिले काय समजते पाखरातलं."

मी वरणाची बादली घेऊन त्याच्या पुढ्यात उभी होते. सगळं ओठावर आलं होतं.

"थांबल्या काहून, वहिनी?" सुधाकर म्हणाला. "वाढा ना."

मी वाढलं.